इंदूर जिल्ह्यातली ‘आरबीसी सहा-चार’ शेतीमदत: दर बरा, सर्वे कच्चा, आणि पैसा ठरतो गिरदावरीत

गारपीट, अतिवृष्टी, पूर, पाला (पीक करपवणारं हिमदव) किंवा किडीचा मोठा उद्रेक यांत उभं पीक गेलं, तर मध्य प्रदेशात शेतकऱ्याला सरकारी मदत मिळते ती राजस्व (महसूल) पुस्तक परिपत्राच्या खंड 6, क्रमांक 4 खाली. तहसीलीत, पटवाऱ्याकडे (म्हणजे तलाठ्याकडे), पंचायतीत तिला सगळे ‘आरबीसी सहा-चार’ म्हणतात. इंदुरात राहणारी आणि देपालपूर, सांवेर, महू, हातोदकडे जमीन असलेली मराठी घरं थोडीथोडकी नाहीत. जमीन आजोबांच्या नावची, कसणारा गावातला, मालक रामबागेत नाहीतर सुदामानगरात. मदत सर्वांत जास्त अडकते ती अशाच घरांची. ती का अडकते हे कळलं तर बहुतेक वेळा सुटतेही, म्हणून हा आढावा जरा सविस्तर.

निकाल आधी सांगून टाकू. दर चांगला आहे. पैसा थेट खात्यात येतो, त्यामुळे मधले हात कमी झाले. सर्वे अजून बराचसा नजरेच्या अंदाजावर चालतो. आणि गारा पडल्यावर रक्कम ठरते असं जे वाटतं ते अर्धंच खरं. पीक कुठलं, रकबा (क्षेत्र) किती, सिंचित की असिंचित, खातेदार कोण, या चारही गोष्टी गारा पडण्याच्या कितीतरी आधी दप्तरात लिहून झालेल्या असतात. सर्वेचं पथक शेतात येऊन फक्त नुकसानीचा टक्का ठरवतं.

आधी दराचं. केंद्राच्या आपत्ती निधीचे 2022 ते 2026 चे निकष असे: 33 टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर असिंचित पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, सिंचिताला 17,000 आणि बहुवार्षिक पिकाला 22,500, तेही दोन हेक्टरपर्यंत. 2015 पर्यंत ही अट 50 टक्के नुकसानीची होती. मध्य प्रदेश सरकार याच्या वर स्वतःची भर घालतं. इथे 25 टक्के नुकसानीपासूनच मदत सुरू होते, आणि 2023 च्या मार्चमधल्या गारपिटीनंतर 50 टक्क्यांहून जास्त नुकसान झालेल्या सिंचित पिकासाठी हेक्टरी 32,000 रुपये देण्याचं ठरलं. भाजीपाला, मसाल्याची पिकं आणि इसबगोल यांची ओळ कोष्टकात वेगळी आहे. खातेदाराकडे एकूण जमीन किती, यावरही कोष्टक बदलतं.

32,000 म्हणजे नेमके किती? 2025 च्या रब्बीतला गव्हाचा हमीभाव क्विंटलला 2,425 रुपये होता. या भावाने ही रक्कम तेरा क्विंटल गव्हाची झाली. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत, चार पाणी दिलेल्या गव्हाचं हेक्टरी 40 क्विंटल धरलं तर 97,000 रुपयांचं पीक. म्हणजे सगळं पीक गेलं तरी हातात येतो तिसरा हिस्सा. वर्तमानपत्रात ‘मुआवजा’ लिहितात, पण नियमाच्या दृष्टीने ही नुकसानभरपाई नाही, पुढच्या पेरणीचं बी-खत उभं राहावं म्हणून दिलेलं अनुदान आहे. ही अपेक्षा ठेवली तर दर वाजवी आहे. गव्हाची चमक गेली, दाणा काळवंडला, मंडीत भाव पडला, हे नुकसान यात धरलंच जात नाही. इथे मोजतात ते शेतात किती पीक नष्ट झालं एवढंच.

आता गिरदावरी. आपले पुण्या-नाशिकचे नातेवाईक ज्याला पीक पाहणी म्हणतात ते हे काम. खरिपाची गिरदावरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते, रब्बीची पेरणीनंतर थंडीत. आता पटवाऱ्याऐवजी गावातला नेमलेला तरुण मोबाइल घेऊन शेतात जातो, खसरा नंबराच्या (म्हणजे जमिनीच्या गट नंबराच्या) हद्दीत उभा राहून फोटो काढतो आणि पीक भरतो. पटवारी ते नंतर तपासून मंजूर करतो. पद्धत पूर्वीपेक्षा बरी आहे, कारण घरबसल्या ‘सोयाबीन, सोयाबीन, सोयाबीन’ असं भरणं आता अवघड झालं. पण एक दोष ठळक आहे. समजा नंबर 1.2 हेक्टरचा आहे, त्यात 0.8 गहू आणि 0.4 लसूण. सर्वेअर रस्त्याच्या कडेला, म्हणजे गव्हात उभा राहतो आणि सगळ्या 1.2 हेक्टरवर गहू चढवतो. पुढे लसणावर गारा पडल्या की पथकाच्या यादीत त्या नंबराला लसूणच नसतो. पथकातला माणूस डोळ्यांनी लसूण बघतो, पण प्रकरण तयार होतं ते दप्तरातल्या पिकावर. महू-देपालपूरकडे बटाट्याचंही हेच होतं.

म्हणून पेरणीनंतर महिना-दीड महिन्याने खसऱ्याची (सातबाऱ्यासारख्या उताऱ्याची) ऑनलाइन नक्कल काढून तीन रकाने वाचायचे: पीक, त्याचा रकबा आणि सिंचनाचं साधन. तिसरा रकाना कुणी बघत नाही आणि तिथेच सर्वांत जास्त पैसे जातात. विहीर किंवा नलकूप (बोअर) खोदून वर्षं झाली, पण खसऱ्यात चढवलेलंच नाही, अशी शेतं गावोगाव आहेत. सिंचित आणि असिंचित यांत केंद्राच्या कोष्टकातच दुपटीचा फरक आहे. चूक दिसली तर एमपी किसान ऍपवर आपलं पीक स्वतः नोंदवता येतं, आणि गिरदावरीची मुदत असेपर्यंत पटवाऱ्याकडे लेखी हरकत देता येते. लेखीच द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. मुदत संपल्यावर दुरुस्ती तहसीलदाराकडे जाते आणि लांबते.

रकब्याबद्दल अजून एक. गावात हिशेब बिघ्याचा, दप्तरात हेक्टरचा. बिघा दर भागात वेगळा, त्यामुळे बिघ्यावरून अपेक्षित रकमेचा अंदाज बांधला की घोळ होतो. खसऱ्यातला हेक्टरचा आकडा घ्यावा. एकराशी ताडायचं असेल तर 1 हेक्टर म्हणजे 2.47 एकर.

नुकसान झाल्यावर कलेक्टरच्या आदेशाने सर्वे सुरू होतो. पथकात पटवारी, कृषी किंवा उद्यानिकी विभागाचा कर्मचारी आणि पंचायतीचा सचिव किंवा रोजगार सहाय्यक असतो. एका पटवाऱ्याकडे अनेकदा दोन-तीन गावं. मोठ्या गारपिटीत वरून आठवड्याभरात अहवाल मागतात. मग साहजिकच रस्त्याकडेची शेतं नीट पाहिली जातात, आतल्या शेतांना शेजारच्याचाच टक्का लागतो. यात माणसांच्या बेइमानीपेक्षा माणसांची कमतरता जास्त आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण 50 टक्क्यांच्या खाली आणि वर यात रक्कम जवळजवळ दुप्पट होते, त्यामुळे अंदाजातली पाच टक्क्यांची ढिलाई शेतकऱ्याला हजारोंनी महाग पडते.

यावर उपाय म्हणजे पथक येण्याआधी आपणच मोजून ठेवणं. चार मीटर दोरीचा एक मीटर बाजूचा चौकोन करा किंवा लोखंडी सळईची चौकट घ्या. शेताच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं चालत पाच ठिकाणी ती टाका. बांधापासून निदान दहा पावलं आत. प्रत्येक चौकटीत एकूण ओंब्या किती, मोडलेल्या किती, हे वहीत लिहा. पाचही ठिकाणच्या मोडलेल्या ओंब्यांची बेरीज भागिले एकूण ओंब्यांची बेरीज, गुणिले शंभर. हा तुमचा टक्का. प्रत्येक चौकटीचा एक फोटो, तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश उमटणाऱ्या कॅमेरा ऍपने. एक फोटो असाही हवा ज्यात शेत आणि ओळखू येणारी खूण, म्हणजे विहीर, डीपी, मंदिर किंवा मोठं झाड, एकत्र दिसेल. पथकासमोर वही ठेवली की बोलणं ‘थोडं जास्त लिहा’वरून ‘हे मोजलंय, तुम्हीही एक चौकट टाकून बघा’वर येतं. दमलेला कर्मचारीही मोजलेला आकडा सहसा नाकारत नाही.

पीक बदललं की काय मोजायचं तेही बदलतं. गव्हात मोडलेली ओंबी आणि आडवं पडलेलं पीक या दोन वेगळ्या गोष्टी. गारेने दांडा मोडलेली ओंबी गेलीच. वाऱ्याने लोळलेला गहू दाणा पक्का झाला असेल तर बराचसा हाती येतो, पण दाणा चिकात असताना लोळला तर पुढे तो चिपाड होतो आणि ते मळणीपर्यंत दिसत नाही. म्हणून पंचनाम्यात पिकाची अवस्था लिहून घ्या: ‘दाणा चिकात असताना लोळलं’. एवढ्या चार शब्दांनी पुढचा वाद टळतो. हरभऱ्यात गारांनी घाटे खाली झडतात आणि दोन-तीन दिवसांत पाखरं ते साफ करतात. मग पथकाला दिसतात नुसती झाडं, तीही हिरवी. तिथे फोटो जमिनीचा घ्यायचा, झाडाचा नाही. बटाट्यात वरचा पाला टवटवीत आणि खाली सड, असं पाणी साचल्यावर होतं, तेव्हा पाच ठिकाणी मीटरभर सरी उकरून दाखवावी लागते.

सोयाबीनचं दुखणं वेगळं आहे. जेएस 95-60 सारख्या लवकर येणाऱ्या जाती 80 ते 85 दिवसांत काढणीला येतात, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या पावसात नेमक्या सापडतात. काळी माती पाणी धरून ठेवते, शेंगेतल्या दाण्याला कोंब फुटतात, शेंगा काळ्या पडतात. पाऊस उघडला की शेतकरी उरलंसुरलं वाचवायला घाईने कापणी करतो, कारण रब्बीची पेरणी समोर असते. पथक येतं तेव्हा शेत रिकामं. रिकाम्या शेताचा टक्का कोण लिहिणार? कापणी थांबवणं शक्य नसेल तर शेताच्या मध्यावर दहा बाय दहा फुटांचा एक तुकडा उभा सोडा, आणि बाकीचं कापण्याआधी पटवाऱ्याला फोटोसह मोबाइलवर कळवून ठेवा. हा तुकडा बांधाजवळ सोडू नये. बांधाजवळचं पीक कधीच शेताचं खरं चित्र दाखवत नाही.

पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचायचा, कोऱ्या नमुन्यावर सही द्यायची नाही. नंतर यादी पंचायतीत लावतात आणि दावे-आपत्ती (म्हणजे हरकती) मागवतात. शहरात राहणाऱ्या मालकाचं इथेच चुकतं. यादी लागल्याचं त्याला कळतच नाही. गावातल्या माणसाला यादीच्या प्रत्येक पानाचा फोटो पाठवायला सांगा आणि नाव, खसरा नंबर, रकबा, पीक, टक्का, खाते क्रमांक सगळं ताडून पाहा. या टप्प्यावरची दुरुस्ती एका कागदाने होते.

नावांचा गोंधळ हा खास आपला. खसऱ्यात ‘गणपतराव’, आधारवर ‘गणपत’. खसऱ्यात ‘काले’, आधारवर ‘काळे’, कारण हिंदी दप्तरात ळ टिकत नाही. मुळेचं मुले होतं, साळवीचं सालवी. बायकांच्या नावापुढे माहेरचं आडनाव एका ठिकाणी, सासरचं दुसऱ्या ठिकाणी. माणूस वाचून समजून घेतो, पण संगणकावर नाव जुळलं नाही की प्रकरण बाजूला पडतं. समग्र आयडीची (राज्य सरकारच्या कुटुंब-ओळख क्रमांकाची) ई-केवायसी आणि खसऱ्याची आधारशी जोडणी किऑस्कवर करून घ्यावी. नाव जुळत नसेल तर तिथे ते लगेच दिसतं आणि गारपिटीची वाट न बघता दुरुस्त करता येतं. फार्मर आयडीही त्याच फेरीत काढून टाका.

नाव जुळण्याच्याही आधीची अडचण म्हणजे मृत खातेदार. वडील जाऊन दहा वर्षं झाली, जमीन अजून त्यांच्याच नावावर. मदत मृत माणसाच्या खात्यात जाऊ शकत नाही. फौती नामांतरण, म्हणजे वारसांची नावं चढवणं, भू-राजस्व संहिता 1959 च्या कलम 109-110 खाली होतं. मृत्यू दाखला, वारसांची यादी, सगळ्यांचे आधार आणि खसऱ्याची नक्कल लागते. भाऊ पुण्यात, बहीण बडोद्यात म्हणून हे काम पुढे ढकललं जातं, आणि गारा पडल्यावर सगळे एकदम धावतात. नामांतरण झाल्यावर नावं सामाईक राहिली, तर एका खात्यात पैसा घेण्यासाठी बाकीच्या सहखातेदारांचं सहमतीपत्र लागतं. ते कोणाचं, किती हिश्शाचं आणि कोणत्या खात्यासाठी, हे त्यात स्पष्ट लिहा. नुसतं ‘आमची हरकत नाही’ परत येतं.

बटाईचा, म्हणजे वाट्याने जमीन कसायला देण्याचा, विषय नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. पैसा येतो खातेदाराच्या खात्यात, बी-खत-मजुरी गेलेली असते कसणाऱ्याची. मध्य प्रदेशात 2016 पासून भूमिस्वामी आणि बटाईदारांच्या हितरक्षणाचा कायदा आहे. साध्या कागदावर करार करायचा, एक प्रत मालकाकडे, एक बटाईदाराकडे, एक तहसीलदाराकडे. आपत्तीची मदत आणि विमा करारातल्या हिश्शाप्रमाणे वाटायचा. जमीन बळकावली जाईल या भीतीने मालक करार करत नाहीत, पण मालकाचा हक्क राखणं हाच या कायद्याचा निम्मा हेतू आहे. कराराशिवाय जमीन देऊन वर मदतीचे सगळे पैसे ठेवून घेणं आम्हाला अन्यायाचं वाटतं, आणि असं अनेक घरांत होतं.

बँकेच्या टोकाला अडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं आणि रक्कम परत जाते. बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी बदलले. आपल्याकडे नर्मदा झाबुआ ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून मध्य प्रदेश ग्रामीण बँकेत गेली, त्यामुळे गावातल्या जुन्या पासबुकावरचा कोड जसाच्या तसा देऊ नये, शाखेत विचारून द्यावा. खातं बचतीचं द्या, किसान क्रेडिट कार्डाचं नको. कर्जखात्यात पडलेली रक्कम कर्जात जिरते आणि बियाण्याला हातात काही उरत नाही. रब्बीच्या गारा फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतात, म्हणजे नेमक्या आर्थिक वर्ष संपण्याच्या तोंडावर. खात्याच्या चुकीने परत गेलेली रक्कम 31 मार्चच्या पलीकडे गेली की पुन्हा तरतुदीची वाट बघावी लागते.

पीकविमा ही वेगळी गोष्ट. प्रधानमंत्री पीकविम्याचा हप्ता खरिपात 2 टक्के, रब्बीत 1.5, व्यापारी आणि बागायती पिकांना 5. 2020 च्या खरिपापासून तो ऐच्छिक आहे. सहा-चारची मदत मिळाली म्हणून विमा बुडत नाही, विमा मिळाला म्हणून मदतही बुडत नाही. पण पटवाऱ्याने पंचनामा केला म्हणजे विम्याला कळवलं असं समजू नका. गारपीट किंवा ढगफुटीसारख्या स्थानिक नुकसानीत 72 तासांच्या आत 14447 वर किंवा क्रॉप इन्शुरन्स ऍपवर सूचना द्यावीच लागते, आणि मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवावा लागतो. कापून शेतात वाळत घातलेलं पीक भिजलं तर कापणीपासून 14 दिवसांपर्यंत विम्यात दावा करता येतो. सोयाबीनवाल्यांनी हे लक्षात ठेवायलाच हवं.

जनावरांचं थोडक्यात. केंद्राच्या निकषांत दुभत्या गाय-म्हशीला 37,500, बैलाला 32,000, शेळीला 4,000 आणि कोंबडीला 100 रुपये आहेत. वीज पडून जनावर गेलं तर पुरण्याआधी सरकारी पशुवैद्याकडून शवविच्छेदन करून घ्या, कानातल्या बारा अंकी बिल्ल्याचा फोटो ठेवा. पुराने शेतात तीन इंचांहून जास्त वाळू-गाळ साचला तर तो काढायला हेक्टरी 18,000 रुपयांची वेगळी तरतूद आहे. क्षिप्रा आणि गंभीरच्या काठच्या शेतकऱ्यांनी पिकाच्या पंचनाम्यासोबतच गाळाची जाडी पट्टी उभी धरून मोजून लिहून घ्यावी. नंतर मागायला गेलं तर गाळ नांगरून गेलेला असतो.

तक्रारीची व्यवस्था कागदावर मजबूत आहे आणि नेट लावला तर चालतेही. पहिल्यांदा तहसीलदाराला लेखी अर्ज, पोच घेऊन. मंगळवारी कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई असते, तिथे अर्जाला खसऱ्याची नक्कल, फोटो आणि यादीचं पान जोडावं. 181 वरची सीएम हेल्पलाइन चार पातळ्यांवर वर चढते. खाली असताना ‘काम होतंय, तक्रार बंद करा’ असे फोन येतात. खात्यात पैसा दिसेपर्यंत समाधानी असल्याचं सांगू नका, नाहीतर तक्रार तिथेच मिटते. टक्का कमी लागला असेल तर ‘मदत कमी मिळाली’ असं मोघम लिहून उपयोग नाही. माहिती अधिकारात 10 रुपये भरून आपल्या खसरा नंबराचा पंचनामा, पथकातल्या सगळ्यांच्या सह्यांचं पान आणि शेजारच्या नंबरांवर लागलेले टक्के मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पंचनाम्यावरची तारीख आणि तुमच्या फोटोंवरची तारीख समोरासमोर ठेवली की पथक तुमच्या शेतात खरंच आलं होतं की नाही हे कळतं, आणि फेरतपासणीचा अर्ज त्याच दोन कागदांवर करायचा.